बर्फाच्या कडेची फुले पाहायला एकटीने हिमालयात जावे का?

माळरान, सोलापूर

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली २६ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवते. माझे वय ५१ आहे. दरवर्षी सप्टेंबरात कासच्या पठारावर जाते, पावसाळ्यानंतर नान्नजच्या माळावरची गवते आणि त्यांत दडलेली बारीक फुले पाहते, आणि फाल्गुनात पळस फुलला की एखादा रविवार त्याच्यासाठी राखून ठेवते. मात्र बर्फ वितळता वितळता त्याच्या कडेलाच फुले उमलतात, हे मी केवळ वाचलेले आहे. बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेन्ड्रॉन, मी वर्गात कितीतरी वेळा शिकवला. पण तो पाहिला आहे फक्त पुस्तकातल्या चित्रात आणि एका विद्यार्थिनीने उत्तराखंडहून आणलेल्या सरबताच्या बाटलीवर. येत्या एप्रिलमध्ये दोन आठवड्यांची रजा मिळते आहे आणि या वेळी जायचेच असे ठरवले आहे.

एकटीने जाण्यामागे कारण आहे. काही वर्षांपूर्वी सह्याद्रीत एका गटाबरोबर गेले असताना कड्याच्या कपारीत एक आमरी, म्हणजे ऑर्किड, फुललेली दिसली. मी गुडघे टेकून भिंग काढते न काढते तोच मागून शिट्टी वाजली आणि उठावे लागले, कारण पंधरा माणसांना माझ्यासाठी थांबवणे मलाही योग्य वाटेना. ते फूल माझे तसेच राहून गेले. हिमालयात तसे होऊ नये, एखाद्या फुलापाशी अर्धा तास बसावेसे वाटले तर बसता यावे, एवढीच इच्छा आहे.

आता शंका. फुले आणि बर्फ दोन्ही एकत्र दिसतील असा काळ नेमका कोणता आणि वाट कोणती? आमच्याकडे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हातून उठून थेट बर्फात गेल्यास शरीराला झेपते का? मी रोज सकाळी कंबर तलावाच्या बाजूने ६ किलोमीटर चालते, परंतु बर्फावर आजवर पाऊल ठेवलेले नाही. अशा स्थितीत एकटीने जाणे हे धाडस ठरेल की अविचार, हे ज्यांनी त्या वाटा पायांखाली घातल्या आहेत त्यांनी मोकळेपणाने सांगावे.

वाटसरू, पुणे (मूळ सोलापूर)

ताई, नमस्कार. मी या दिवसांत तीन वेळा त्या भागात गेलो आहे, त्यांतील दोनदा एकटा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हंगामाविषयी. आपल्याकडे फुलांचे गालिचे पावसाने होतात, म्हणून हिमालय म्हटले की आपल्याला पहिल्यांदा ‘फुलांची दरी’ आठवते. ती दरी जूनच्या आरंभी उघडते आणि तिचा खरा बहर जुलै-ऑगस्टचा, म्हणजे तोही पावसाळ्याचाच. एप्रिलात ती बर्फाखाली असते. आपल्याला हवा आहे तो चैत्र-वैशाखाचा बहर आणि त्याची चाल वेगळी आहे. बुरांश खालच्या उतारांवर फेब्रुवारीच्या शेवटी फुलू लागतो आणि बहर आठवड्या-आठवड्याने डोंगर चढत जातो. बर्फाची सीमाही त्याच वेळी वर सरकत असते. साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत २,७०० ते ३,५०० मीटरच्या पट्ट्यात या दोघांची गाठ पडते. हिवाळ्यात बर्फ किती पडला यावर हे दहा-पंधरा दिवस मागेपुढे होते, त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी तिथल्या माणसाला फोन करून विचारणे हाच खात्रीचा उपाय.

वाट निवडताना थोड्या अंतरात जास्त उंचीचे पट्टे पालथे घालता येतील अशी निवडावी. माझ्या मते आपल्यासाठी रुद्रप्रयाग जिल्ह्यातील सारी, देवरियाताल, चोपता आणि तुंगनाथ ही वाट सर्वांत योग्य आहे. सारी गावात घरगुती राहण्याची सोय होते. तिथून दोन-अडीच तासांच्या चढणीवर देवरियाताल आहे, सुमारे २,४०० मीटर उंचीवर. सकाळी वारा पडलेला असेल तर ७,१३८ मीटर उंचीचा चौखंबा त्या तळ्यात उतरलेला दिसतो. चढणीवर दोन्ही बाजूंना बुरांश आणि बांज, म्हणजे तिकडचा ओक. चोपता २,७०० मीटरच्या आसपास, आणि तिथून तुंगनाथाच्या देवळापर्यंत दगडी फरसबंदी वाट जाते. ती साडेतीन-चार किलोमीटरचीच आहे, पण तेवढ्यात माणूस दाट जंगलातून झाडे संपतात त्या उंचीपर्यंत पोहोचतो. फुले पाहणाऱ्याला याहून सोयीची वाट मला तरी माहीत नाही.

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार-ऋषिकेश. ऋषिकेशहून डोंगरातल्या बसगाड्या पहाटेच निघतात. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग करत ऊखीमठला पोहोचायला दिवस जातो. एक गोष्ट लक्षात ठेवावी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चारधाम यात्रा सुरू होते आणि केदारनाथचा रस्ता कुंड या गावापर्यंत हाच असल्याने नंतर गाड्या आणि खोल्या दोन्ही मिळणे अवघड होते. शक्यतो त्याआधी जाऊन यावे. मात्र तेव्हा तुंगनाथाचे दार बंद असण्याची शक्यता असते, कारण हिवाळ्यात देवाची पूजा खाली मक्कूमठात होते. दार बंद म्हणजे वाटेवरच्या टपऱ्याही बंद. पाणी आणि खाणे जवळच हवे.

आता एकटीने जाण्याविषयी. सारी ते देवरियाताल ही वाट मळलेली आहे, त्यावर आपण नि:शंकपणे एकटे जावे. देवरियातालहून चोपत्याला जंगलातून जाणारी पायवाट मात्र एकट्याने करू नये. ती पूर्ण दिवसाची आहे, मध्ये वस्ती नाही, आणि हिवाळ्यातून बाहेर पडलेली अस्वले याच दिवसांत फिरत असतात. गाडीने चोपत्याला यावे. चोपत्याच्या वर जिथे बर्फ सुरू होतो तिथून पुढे गावातला एखादा माणूस बरोबर घ्यावा. त्याला दिवसाची मजुरी आधीच ठरवून द्यावी आणि निघतानाच स्पष्ट सांगावे की आपण फुलांसाठी थांबत थांबत जाणार आहोत, शिखर झालेच पाहिजे असे नाही. असा माणूस शिट्टी वाजवत नाही. तो दगडावर बसून राहतो.

हे मी अनुभवाने सांगतो. दुसऱ्या खेपेस मी तुंगनाथाच्या वर एकटाच होतो. सकाळी स्वच्छ ऊन होते, अकराच्या सुमारास खालून धुके चढले आणि पाच मिनिटांत दहा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. फरसबंदी वाट बर्फाखाली होती, आणि मी ज्यांच्या भरवशावर परतणार होतो ती माझीच पावले उन्हाने विरघळून ओळखू येत नव्हती. सुदैवाने देवळाची भिंत सापडली. तिच्या आडोशाला दीड तास बसलो, धुके फाटले तेव्हा उतरलो. त्या दीड तासात वाट शोधत फिरलो असतो तर आज हे लिहायला असतो की नाही, सांगता येत नाही.

नाडी

माळरान ताई, मी वैद्यकीय व्यवसायात आहे. आपल्या उन्हाविषयीच्या शंकेचे उत्तर आधी देतो. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. सोलापूरचे ऊन सोसलेल्या शरीराला थंडीचा धक्का बसतो हे खरे, पण दिल्ली-हरिद्वार-ऊखीमठ या प्रवासात दोन-तीन दिवस जातात आणि कपडे योग्य असतील तर थंडीशी जुळवून घेता येते. खरी काळजी हवेच्या दाबाची आहे. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो.

म्हणून ऋषिकेशहून एकाच दिवसात चोपत्याला जाऊन मुक्काम करू नये. पहिली रात्र ऊखीमठला, पुढच्या दोन सारीला, मग चोपता, असे करावे. तुंगनाथाला जाऊन त्याच दिवशी चोपत्याला उतरायचे असल्याने झोपण्याची उंची तीन हजारांच्या आतच राहते, ही या वाटेची मोठी जमेची बाजू आहे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर चढू नये. विश्रांतीने उतार पडला नाही तर खाली यावे. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, सोबत घेऊन खाली उतरावे. एकट्या माणसाची अडचण अशी की गोंधळ झालेल्या मेंदूला आपला गोंधळ झाला आहे हे कळत नाही. वर सोबत असावी असे मी म्हणतो ते यासाठी.

अॅसिटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरची गोळी अनेक जण ऐकीव माहितीवर घेतात. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, चालू असलेली इतर औषधे हे सारे पाहूनच ती द्यायची असते, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून, रक्तदाब तपासून, मगच निर्णय घ्यावा.

आणि डोळे. उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात, त्यात ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही बाजूंनी झाकणारा काळा चष्मा काढू नये. भिंगातून फूल पाहताना आपण तो नक्की काढाल, त्या वेळी तोंड बर्फाकडे नसून सावलीकडे असावे.

सह्यवेडा, सातारा

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. ज्या व्यक्तीने बर्फावर पाऊल ठेवलेले नाही, तिने पहिल्या खेपेला एकटे जाण्याचा विचारच करू नये असे माझे मत आहे. सह्याद्रीत आपण घसारा, कातळ, गवताळ उतार यांवर वर्षानुवर्षे चालतो आणि पाय तयार आहेत अशा समजुतीत राहतो. मीही राहिलो होतो. हिमालयात पहिल्याच सकाळी एका साध्या तिरक्या वाटेवर, जिथे माती असती तर माझी आईही चालली असती, मी घसरलो आणि तीस-चाळीस फूट खाली जाऊन एका झुडपाला अडकलो. मनगट मोडले. खाली झुडूप होते म्हणून तेवढ्यावर निभावले.

वसंतातला बर्फ दिवसातून रूप बदलतो, हे नवख्याला माहीत नसते. रात्री तो गोठून काचेसारखा कडक होतो, त्यामुळे पहाटे बुटाखाली मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर चढवायची काटेरी साखळी, नसेल तर उभे राहणेही कठीण. नऊ-दहानंतर वरचा थर मऊ पडतो आणि चालायला चांगला असतो. दुपारी त्याचा लगदा होतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि खालून पाणी वाहत असेल तर पोकळ झालेला थर खचतो. तीव्र उतारांवरून ओला बर्फ सुटून खाली येतो तोही बहुधा याच वेळी. म्हणून पहाटे निघायचे आणि बारापर्यंत बर्फ सोडायचा. ओढ्यावरचा बर्फाचा पूल मजबूत दिसला तरी दुसऱ्याच्या पायाखाली टिकलेला पाहिल्याशिवाय त्यावर जाऊ नये. तुंगनाथाच्या वर चंद्रशिलेला गेलात तर अगदी कड्याच्या टोकाशी उभे राहू नका. वाऱ्याने बर्फाचा सज्जा दरीच्या बाजूला पुढे वाढलेला असतो, आणि त्याच्याखाली जमीन नसते.

वाटसरू यांनी सुचवलेला मार्ग, बर्फात स्थानिक माणूस घेण्याचा, मला मान्य आहे. मात्र तो ‘जमल्यास’ नसावा, अट असावी.

माळरान, सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मन:पूर्वक आभार. सह्यवेडा, राग मुळीच नाही. आपल्या मनगटाची हकीकत वाचून मी दोन वेळा विचार केला. एकटीने जाणे म्हणजे आसपास कोणीच नसणे, असे मी नकळत धरून चालले होते. मला खरे तर वेळ स्वत:च्या हाती असायला हवा आहे, आणि तो एका समजूतदार सोबत्याबरोबरही राहू शकतो. तेव्हा बर्फाच्या पट्ट्यात स्थानिक सोबत घ्यायची हे ठरले.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एप्रिलमध्ये बुरांशाखेरीज काय काय दिसू शकेल? आणि वर्गासाठी दोन-चार नमुने दाबून आणता येतील का? विद्यार्थ्यांच्या हातात प्रत्यक्ष फूल ठेवण्याला चित्राची सर येत नाही.

रानजाई

ताई, मी काही काळ गढवालात राहिले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते कटू आहे. चोपता-तुंगनाथ परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा भाग आहे. तिथून परवानगीवाचून पानही तोडता येत नाही, आणि शिक्षकाने तर तोडूच नये. पडलेली बुरांशाची फुले मात्र वाटेवर लाल सडा घालून असतात. त्यांतले एखादे तिथेच उकलून, पुंकेसर मोजून, सगळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि फूल जागीच ठेवून यावे. पट्टी शेजारी ठेवून घेतलेली छायाचित्रे वर्गात फार उपयोगी पडतात. तुंगनाथाजवळ गढवाल विद्यापीठाच्या उच्च पर्वतीय वनस्पतींवरील संशोधन केंद्राचे क्षेत्र आहे. चौकशी करून गेल्यास तिथले कोणी भेटले तर आपल्याला पर्वणीच.

आता फुले. सारीच्या चढणीवर गडद लाल बुरांश दिसेल. जसजसे वर जाल तसा त्याचा लाल रंग फिका होत गुलाबीकडे झुकतो. ही एकच जात उंचीबरोबर कशी बदलते हे आपण स्वत:च्या डोळ्यांनी पाहावे. पानाची मागची बाजूही पाहा. या झाडावर येणारे शिंजीर आणि इतर लहान पक्षी मधासाठी फुलात चोच घालतात तेव्हा कपाळावर पराग लागलेला दिसतो. झाडे संपतात त्या रेषेवर दुसरी जात आहे, कमरेइतक्या उंचीची, वाकड्या खोडांची, पानांमागे तपकिरी लव असलेली. तिची फुले फिकट जांभळी. ती उशिरा, बहुधा मे महिन्यात फुलते, त्यामुळे आपल्याला तिच्या फुगलेल्या कळ्याच मिळतील. एक सूचना मात्र करते. पहाटेच्या कडक थंडीत त्या झुडपांची पाने खाली लोंबून सुरळीसारखी मिटलेली असतात आणि ऊन चढले की उघडतात. हे बहुतेक जण न पाहता पुढे जातात.

आणि ज्यासाठी आपण जाता आहात ती बर्फाच्या कडेची फुले. प्रिम्युला डेंटिक्युलाटा, जांभळ्या फुलांचा चेंडू देठाच्या टोकावर धरलेली, ओलसर बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, बर्फ मागे सरकल्याबरोबर दिसते. बोटाच्या पेराएवढे निळे जेन्शियन गवतात शोधावे लागतात. ऊन असेल तरच उघडतात, ढग आला की मिटतात. ही इतक्या लवकर कशी फुलतात, हे आपल्याला ठाऊकच असेल, तरी तिथे पाहताना त्याचा अर्थ वेगळा उमगतो. उन्हाळा तीन-चार महिन्यांचाच, म्हणून यांतील पुष्कळ झाडे पुढल्या वर्षीच्या कळ्या आदल्या शरदातच तयार करून जमिनीलगत ठेवतात, अन्न कंदात साठवतात आणि बर्फाच्या गोधडीखाली हिवाळा काढतात. बर्फाखालची माती बाहेरच्या हवेइतकी गोठत नाही. बर्फ हटला की फक्त देठ लांबवायचा उरतो. बर्फाच्या कडेपासून हातभर अंतरावर कळी, दोन हातांवर उमललेले फूल, दहा पावलांवर सुकू लागलेले, असा पूर्ण क्रम एकाच उतारावर मांडलेला मी पाहिला आहे. वर्गात जे आपण फळ्यावर क्रमाने काढतो ते तिथे जमिनीवर काढलेले असते.

पाऊल मात्र त्या ओल्या पट्ट्यावर टाकू नये. बर्फावरून किंवा दगडांवरून जावे. नुकती मोकळी झालेली माती एका बुटाने दबते आणि खालची कळी मरते. त्याच पट्ट्यात मोनाल पक्षी चोचीने माती उकरून कंद खाताना दिसतो. त्याला आधी येऊन जाऊ द्यावे.

वाटसरू, पुणे

रानजाई यांचे वाचून माझ्या तिन्ही सहली अर्ध्याच झाल्या असे वाटू लागले आहे. पानांच्या सुरळ्या मी पाहिल्या होत्या, पण त्या वाळल्या आहेत असे समजत होतो.

ताई, सामानाबद्दल थोडे. अंगालगत सुती कपडा नको. सुती भिजले की वाळत नाही आणि शरीराची ऊब ओढून घेते. आपल्या सोलापुरी चादरीवर माझेही तितकेच प्रेम आहे, ती सारीच्या मुक्कामापर्यंत न्यावी, बर्फात नेऊ नये. आत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट. बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर गेटर्स, दोन काठ्या, बॅटरी, शिट्टी, जादा मोजे. मोबाइलचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि फोन आतल्या खिशात ठेवावा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. खाण्यासाठी मात्र आपल्या गावासारखे काही नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी तिन्ही वेळा नेली. आठवडाभर टिकते, वजनाला हलकी, आणि वर गेल्यावर गोड खाण्याचा कंटाळा येतो तेव्हा हीच घशाखाली उतरते.

रोजचा कार्यक्रम घरी आणि मुक्कामाच्या ठिकाणी लिहून द्यावा: किती वाजता निघणार, कुठपर्यंत जाणार, किती वाजेपर्यंत परत न आल्यास शोध सुरू करायचा. ही शेवटची वेळ लिहिल्याशिवाय बाकीच्या कागदाचा उपयोग नाही. आणि निघण्यापूर्वीचे दोन महिने सपाटीवरच्या ६ किलोमीटरांत जिने मिसळा; पाठीवर ५-६ किलोंची पिशवी घेऊन आठवड्यातून तीनदा चार मजले दहा वेळा चढावेत-उतरावेत. उतरणेच गुडघ्यांना जड जाते.

माळरान, सोलापूर

आरक्षण झाले. १४ एप्रिलला निघते आहे. डॉक्टरांना भेटले, गुडघे आणि रक्तदाब दोन्ही ठीक आहेत, गोळीची त्यांना गरज वाटली नाही. महाविद्यालयाच्या तीन मजल्यांचे जिने रोज शेवटच्या तासानंतर चढते-उतरते आहे. काही विद्यार्थिनीही आता सोबत येतात.

काल सारीतील एका गृहस्थांशी फोनवर बोलणे झाले. दोन दिवस ते माझ्याबरोबर येणार आहेत. मजुरी ठरल्यावर मी जरा संकोचानेच विचारले की एखाद्या फुलापाशी मी अर्धा तास बसून राहिले तर चालेल का. त्यांनी उलट मलाच विचारले की कोणते फूल पाहायचे आहे. कारण जांभळ्या चेंडूंसारखी फुले ज्या ओढ्याकाठी येतात तिथला बर्फ यंदा अजून हललेला नाही, आणि मी दोन दिवस उशिरा आले तर अधिक बरे. परतीचे तिकीट मी आज पुढे ढकलले.